गुणाचं लेकरू

श्रावण शु. १, सोमवार. शके १८६५

सात झोळ्या! मोजल्या मी. बाभळीला तीन, लिंबाला चार. आणि एकही लेकरू रडत नव्हतं.

शाळा सुटल्यावर कलाबाईच्या शेतावरून आले. तिच्या ज्वारीत खुरपणी चालली आहे, दुबलगुंडीतल्या निम्म्या बायका तिथेच. पाऊस उघडलेला, ऊन चटचटत होतं, माश्या नुसत्या घोंगावत होत्या. अशा उन्हात झोळीत पडलेलं लेकरू दुपारभर गप्प कसं राहील? मी बांधावर थांबले. बराच वेळ थांबले. वाऱ्यानं झोळ्या हलत होत्या, तेवढंच.

कलाबाई खुरपं घेऊन वर आली. "बाई, उनात कामून हुबारलाव?" म्हटलं, लेकरं फार शांत आहेत. ती खूश झाली. "व्हय की! आमच्या हिकडची लेकरं लई गुणाची हायती."

गुणाची. घरी येऊन जेवले नाही. शाळेच्या कागदावर निजामी फसली तारीख घालायची असते, ती घालताना दोनदा चुकले.

श्रावण शु. २, मंगळवार

सोळाचा पाढा म्हणता म्हणता एक पोरगी खाली बसली. चक्कर. सकाळपासून काय खाल्लंस? — "पानी." शेजारची म्हणाली, "बाई, तिच्या घरी कालपासनं चूल न्हाई." पाटी आणली नाही हे सांगावं तितक्या सहज!

गेल्या सुगीची ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली. मूग हाती यायला अजून महिना. ज्यांच्याकडे कणगी आहे त्यांच्या कणगीचा तळ दिसतो आहे, ज्यांच्याकडे कणगीच नाही त्यांचं काय बोलावं! खुरपणीची मजुरी संध्याकाळी शेरभर ज्वारी, ती सात-आठ तोंडांत.

ठरवलं. दुपारी शाळेत आंबील. दळायला बसताना प्रत्येक घरानं एक मूठ ज्वारी बाजूला ठेवायची, एवढंच मागायचं. पहिली पायली कलाबाईनंच दिली, वर ताकाचं मडकं. बाई मनानं मोठी आहे. तोंडानं त्याहून मोठी.

श्रावण शु. ४, गुरुवार

आंबिलीचा दुसरा दिवस. बावीस मुली आणि त्यांच्या कडेवरची नऊ भावंडं. गुठळ्या झाल्या. एकीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं — "बाई, तुमाला ढवळायलाच येत न्हाई." खरंच येत नाही. वाट्या चाटून पुसून ठेवल्या मात्र.

दुपारच्या सुट्टीत सुगंधाबाई लेक घेऊन आली. ही कलाबाईच्या शेतात खुरपते. नवरा सिद्धू, मेंढरं विकावी लागली तेव्हापासून सोलापूरला काम शोधतो आहे, अजून काही धाडलेलं नाही. घरात ती, म्हातारी सासू आणि ही रेणुका, आठ महिन्यांची. मी हातात घेतली. काय ते वजन! दोन भाकऱ्या उचलाव्यात तेवढं. चमच्यानं आंबिलीची निवळ घातली. ओठावरून गळ्यावर ओघळली. परत घातली, परत ओघळली. गिळतच नाही!

"झोपूनच ऱ्हाती ती," सुगंधा म्हणाली. "लई गुणाची हाय. भूक म्हनून न्हाईच तिला."

भूक म्हणून नाहीच! आठ महिन्यांच्या लेकराला!

मी तिची पापणी वर केली. उन्हात नव्हतो आम्ही, ओसरीच्या सावलीत होतो. तरी बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. पोर परत दिली आणि पातेलं घासायला घेतलं. भित्री! पाढे चुकले की पोरींवर ओरडते, आणि इथे वाचा बसली.

श्रावण शु. ५, शुक्रवार. पंचमी

आज माती उकरायची नाही, खुरपी बंद, सगळ्या बायका घरी. हिय्या करून सुगंधाच्या दारात गेले. तिची सासू भागम्मा उंबऱ्याशी बसली होती, रेणुका मांडीवर. म्हातारीनं कनवटीची डबी काढली. चिमटीत काळी गोळी, बाजरीच्या दाण्याएवढी. थेंबभर पाण्यात बोटानं उगाळली आणि पोरीच्या तोंडात टाळूला लावली.

माझ्या डोळ्यांसमोर! ओरडलेच मी. भुकेल्या लेकराला अफू? आणि आज तर कामही नाही!

भागम्मा शांत. "बाळगोळी हाय ती, अक्का. न्हाई दिली तर किरकिर करती. आईच्या अंगावर दूध न्हाई, घरात दाना न्हाई. रडून काय गावनार हाय तिला?"

"रडली म्हणजे भूक आहे हे तरी कळेल!"

"कळून काय करू, ते सांगा."

मी आणखीच ओरडले. आतून सुगंधा आली. सासूच्या मांडीवरची लेक उचलली, पदराखाली घेतली, जणू मी हिसकावणार होते. म्हणाली — "तुमाला लेकरं न्हाईत, बाई. तुमाला काय कळायलंय?"

निघून आले. कलाबाईनं पंचमीची दिंडं पाठवली होती, पुरण भरलेली. ती गाईला घातली.

श्रावण शु. ६

पातेलं भरून केलं. मुली आल्या, कडेवर एकही भावंड नाही. बाई दृष्ट लावते असं गावात झालंय म्हणे.

श्रावण शु. ८, सोमवार

रविवार नुसता येरझाऱ्यांत घालवला. आज शाळेआधी कलाबाईकडे गेले. सरळ विचारलं — बायकांना ही गोळी कुठून मिळते? वाटलं होतं लपवेल. कसलं काय! फडताळातून मोठी डबी काढून माझ्यासमोर ठेवली.

"मीच देते की! सकाळी कामाला लागायच्या आधी एकेकीला. बाजारच्या दिशी अफूच्या ठेक्यावरनं आनते. परवान्याची हाय, चोरीची न्हाई. लेकरू रडलं की बाई धा येळा बांधाला जाती, मग खुरपावं कुनी? आन् लेकराला बी तेवढाच आराम."

भाकरीवर चटणी वाढावी तशी वाटते ही! आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. तिला दंडाला धरून हलवावंसं वाटलं. नाही हलवलं. शाळेतली ज्वारी तिची, ताक तिचं, बायकांची मजुरी तिच्या हातात. भांडून कुठे जाणार होते?

म्हटलं, लेकरं मला द्या. दिवसभर शाळेच्या ओसरीवर सांभाळते, खाऊ घालते. बायका एकदाही बांधाला जाणार नाहीत. फक्त गोळी बंद.

तिनं विचार केला. हिशेबी बाई. "आठ दिस. खुरपन मागं पडलं की परत झोळ्या. आन् एकांद्या लेकराचं काय बरंवाईट झालं तर तुमच्यावर."

"माझ्यावर," म्हटलं.

सुगंधानं मान खाली घालून हो म्हटलं. कलाबाई सांगते आहे म्हटल्यावर तिला नाही म्हणायची सोय कुठे आहे!

श्रावण शु. ९, मंगळवार

सातांपैकी तीनच आली. रेणुका आणि आणखी दोघं, ती दोघं वर्षाच्या पुढची, अंगानं बरी. भागम्माची डबी मी मागून घेतली आणि सगळ्यांदेखत चुलीत टाकली. वास सुटला. तो वास! मी उठून विहिरीपर्यंत गेले, तोंडावर पाणी मारलं, मग परत आले. "बाईला भोवळ आली" — पोरी कुजबुजल्या.

दिवस कलल्यावर रेणुकेनं डोळे उघडले. टक्क उघडे. जिंकले, असं वाटलं.

श्रावण शु. १०

जांभया. एकामागून एक. नाक गळतंय, अंगाला बारीक कापरं, चमचा लावला की तोंड फिरवते. विष उतरतंय, उतरू दे. सुगंधाला सांगितलं, घाबरू नकोस. इतक्या ठामपणे सांगितलं!

श्रावण शु. ११, गुरुवार

चूक झाली. फार मोठी चूक झाली माझ्या हातून.

सकाळपासून जुलाब, नुसतं पाणी. हातपाय आखडतात, सुटतात, परत आखडतात. रडायचंही त्राण नाही, कण्हते फक्त. डोळे खोल गेले. कलाबाईनं निरोप मिळताच गाडी जुंपली, हुमनाबादच्या दवाखान्यात न्यायला. ओढ्याला छातीएवढं पाणी. बैल पुढे पाय टाकेनात. पोर मांडीवर घेऊन तशीच परत फिरले.

सुगंधा खुरपं टाकून आली होती. ओसरीच्या खांबाला टेकून बसली, माझ्याकडे बघत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग भागम्मा आली, काठी टेकत. पोरीचं पोट चाचपलं, तळवे बघितले आणि माझ्याकडे वळली. "एकदम तोडलाव व्हय? ब्याड ब्याड, नगं नगं! असं तोडतेत का कुटं? आमी सोडवताव तवा रोज उलीशी कमी. बाजरीवरनं मोहरी, मोहरीवरनं तीळ, तिळावरनं खसखस. धा-पंधरा दिस लागतेत. शिकलेल्या हायती म्हने!"

सहा लेकरांची गोळी सोडवली आहे तिनं. मी तिला विचारलंच नाही. अडाणी म्हातारी म्हणून धरून चालले, आणि डबी चुलीत टाकण्याचं नाटक केलं. दुसऱ्या दोन लेकरांना काही झालं नव्हतं. का, तर त्यांच्या आया घरी गुपचूप गोळी देत होत्या! मला फसवलं म्हणून ती वाचली.

कलाबाईनं आपली डबी पुढे केली. भागम्माला म्हातारपणी बारीक तुकडा तोडता येईना. सुगंधा हात लावेना. "तुमीच तोडलाव, तुमीच द्या."

सगळ्या बघत होत्या. डबी उघडी, मांडीवर पोर कण्हते आहे, आणि माझी बोटं हलत नाहीत! "घ्या की, बाई! मरायलंय लेकरू!" — कलाबाई किंचाळली. घेतलं. मोहरीएवढं. पुन्हा बघितलं, त्यातूनही नखानं कमी केलं. शेळीच्या दुधाच्या थेंबात उगाळलं. तिच्या जिभेवर माझं बोट.

थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. वर्गाच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि खूप रडले. कुणाला वाटलं असेल सुटकेनं रडते आहे.

श्रावण शु. १२

आहे. श्वास आहे.

श्रावण पौर्णिमा, रविवार

मोहरी, दोन वेळा. जुलाब थांबले. शेळीच्या दुधात निम्मं पाणी, त्यात कापसाची वात भिजवायची आणि ओठांत पिळायची — भागम्मानं दाखवलं. आज चार वाती दूध आत गेलं. चारही गेल्या, एक थेंब ओघळला नाही!

म्हातारी आता सकाळीच येऊन ओसरीवर ठाण मांडते. मला हुकूम सोडते. "अक्का, पातळ करा." "अक्का, आंबील गाळून घ्या, घोडं पाजायलाव का?" वर्गात मी बाई, ओसरीवर ती. त्या दोन लेकरांचीही गोळी तीच उतरवते आहे. त्यांच्या आयांना तिनं असं फैलावर घेतलं की मी तोंड फिरवून हसले. बऱ्याच दिवसांनी.

सुगंधा माझ्याशी अजून बोलत नाही.

श्रावण व. २, मंगळवार

आठ दिवस संपले. कलाबाई तणतणत आली.

"सुगंधा तीन दिस हितंच बसून व्हती. तुमच्या नादानं माझ्या ज्वारीत तण माजलं. उद्यापासनं झोळ्या बांधायला सांगितलंय मी."

नाही, म्हटलं. आता सोडलं तर रेणुका परत झोळीत झोपेल आणि झोपूनच जाईल. पुढच्या वेळी गाडी जुंपायलाही वेळ मिळायचा नाही.

"काय जाती! माझी समदी ह्याच गोळीवर वाढली. चार जगली की माझी!"

"झाली किती होती?" मी विचारलं. खरं सांगते, मुद्दाम नाही विचारलं. तोंडातून गेलं.

कलाबाई थांबली. हात वर होता तो तसाच राहिला. मग खाली आला.

"सात," म्हणाली.

भागम्मा वात पिळत होती, ती पिळतच राहिली. कलाबाई वळली. पायऱ्यांशी वहाणा शोधत होती, त्या तिच्या समोरच होत्या.

संध्याकाळी तिच्या घरून एक दुभती शेळी आली. निरोप काही नाही.

श्रावण व. ५, शुक्रवार

ओसरीवर आज सहा लेकरं. सातवी झोळी अजून लिंबालाच. तिची आई ऐकत नाही, भागम्मा रोज जाऊन डोकं खाते आहे. कलाबाईनं बायकांना सकाळची गोळी देणं थांबवलं आणि खुरपं घेऊन स्वतः पातीला बसली म्हणे! गाव बघायला गेलं.

रेणुका तिळावर आली. वात तोंडात धरून ओढते. माझं बोट घट्ट धरते, सोडवावं लागतं. सुगंधा आज म्हणाली — "बाई, तुमी जेवलाव का?" मी जेवले होते. नाही म्हणाले. तिनं पदरातली अर्धी भाकरी दिली. तिच्या वाटणीची होती. तरी खाल्ली. न खाऊन चाललं नसतं.

श्रावण व. ८, सोमवार

खसखशीएवढं. त्याहून बारीक मला दिसतच नाही. उद्यापासून काही नाही. भीती वाटते. भागम्मा म्हणते भ्यायचं न्हाई, पन झोपायचं बी न्हाई.

श्रावण व. ११, गुरुवार

रडली!

पाढे चालू होते. आधी बारीक कुईकुई, मग अशी बोंब ठोकली — पोरी पाट्या टाकून धावल्या. मीही! भुकेनं रडत होती. लालबुंद, मुठी वळून, रागानं. आम्हा सगळ्यांवर तिचा राग! सुगंधाला शेतातून बोलावून आणलं. ती धावत आली ती घाबरूनच, आणि लेकीचं तोंड बघून मटकन खाली बसली. पदर तोंडात धरून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

गाळलेली आंबील, दूध घातलेली. एक चमचा, दुसरा, तिसरा. वाटी संपली. संपल्यावर परत भोकाड! "आनिक पायजे म्हनती! हावरी!" भागम्मा ओरडली. इतक्या लाडानं कुणाला हावरी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आज सगळ्या मुलींना दोन दोन वाट्या दिल्या आणि शाळा लवकर सोडली. काय लिहायचं ते लिहू दे वरच्या साहेबांना.

श्रावण अमावास्या, सोमवार. पिठोरी

कलाबाईनं यंदा पूजा शाळेच्या ओसरीवर मांडली. लेकुरवाळ्या बाईनं खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागे धरायचं, वळून न बघता विचारायचं — अतीत कोण? मागून लेकरानं नाव सांगून ताट घ्यायचं. सुगंधानं विचारलं, तर रेणुकेनं भोकाड पसरलं. सगळ्या हसल्या. मग कलाबाई बसली. तिनं सात वेळा विचारलं. चार वेळा उत्तर आलं.

निघताना सुगंधा म्हणाली — "बाई, रेणीला बगताच तुमाला कसं कळलं हो?" पुस्तकात वाचलं होतं, म्हणाले.

खोटं. अकरा वर्षं झाली. बीदरला मैलूर वस्तीतली खोली. नवरा जाऊन चार महिने, माझी मास्तरणीची परीक्षा. मी एक वेळ जेवायचे, अंगावर दूध नव्हतं, माझा मुलगा भुकेनं रडायचा. शेजारणीनं मोहरीएवढी द्यायला शिकवलं. गणिताच्या पेपरादिवशी मी दोन दिल्या, मी येईपर्यंत उठू नये म्हणून. उठला नाही. सगळ्यांना ताप सांगितला. पास झाले.

आमच्यात पिठोरी नसते. इथेच, वहीत, विचारते. अतीत कोण?

सोमशेखर. सात महिन्यांचा. फार गुणाचा होता.